विश्लेषण : सकाळी स्कूबा, दुपारी मोरी! सुट्टीत शार्क खावा की नाही?

पावसाळा सरला की मालवण, तारकर्ली, देवबागचा किनारा पुन्हा गजबजू लागतो. दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्यांत पुणे, कोल्हापूर, मुंबईतून येणाऱ्या पर्यटकांचा कार्यक्रम जवळपास ठरलेला असतो. सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा डायव्हिंग, तोंडात नळी धरून रंगीत माशांसोबत व्हिडीओ आणि दुपारी खानावळीत मासळीची थाळी. त्या थाळीसोबत अनेक ठिकाणी आग्रहाने विचारले जाते, ‘मोरी घेणार?’ अनेक पर्यटक हो म्हणतात. मोरी म्हणजे शार्क, हे त्यांतल्या बऱ्याच जणांना पहिला घास संपल्यावर कळते. समुद्राखालचे जग पाहून भारावलेल्या माणसाने दुपारी त्याच समुद्रातला शार्क खावा का, हा प्रश्न आता डायव्हिंग करणाऱ्यांमध्ये आणि सागरी अभ्यासकांमध्ये वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतके सोपे नाही.

मोरी म्हणजे नेमका कोणता मासा?

घाटावर मोरी म्हणजे न्हाणीची जागा. मालवणी मुलखात आणि गोव्यात मात्र मोरी म्हणजे लहान आकाराचा शार्क. मुंबई, रायगड भागात त्यालाच मुशी म्हणतात. मोरी हे एका जातीचे नाव नाही. पाण्यात शार्कसारखा दिसणारा, लहान चणीचा जो मासा जाळ्यात येतो, त्याला सरसकट मोरी म्हटले जाते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सर्वाधिक मिळणारी मोरी ‘स्पेडनोज शार्क’ या जातीची असते. फावड्यासारखे चपटे नाक, ही तिची खूण. ही जात मुळातच लहान असते. साधारण एक ते सव्वा फुटाची झाली की ती वयात येते आणि पूर्ण वाढ होऊनही सहसा अडीच फुटांपलीकडे जात नाही. म्हणजे बाजारात दिसणारी छोटी मोरी प्रत्येक वेळी पिल्लूच असते असे नाही.

अडचण पुढे आहे. हॅमरहेडसारख्या मोठ्या शार्कचे नुकतेच जन्मलेले पिल्लूही दीड फुटाच्या आसपास असते. डोके, पर आणि कातडी काढून तुकडे केले की पूर्ण वाढलेली स्पेडनोज आणि नवजात हॅमरहेड यांत फरक करणे खवय्याला अशक्य, आणि बऱ्याचदा स्वयंपाक्यालाही अवघड. ताटात दोन्ही ‘मोरी’च. या लेखातल्या पुढच्या जवळपास प्रत्येक प्रश्नाची गाठ या एका शब्दापाशी येते.

कोकणच्या ताटात मोरीचे स्थान काय?

मोरी हे पर्यटकांसाठी शोधलेले खाद्य नाही. शार्कचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. त्यामुळे काट्याची भीती नाही, म्हणून घरात लहान मुलांना आणि वृद्धांना ती सहज देता येते. मांस घट्ट असते, म्हणून मालवणात ‘मोरीचं मटण’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. मालवणी मसाला, भाजलेल्या कांदाखोबऱ्याचे वाटण आणि आमसूल घालून केलेली मोरी अनेक घरांत कोंबडीच्या तोडीची मानली जाते. गोव्यात ‘मोरीचे आंबट-तिक’ घरोघरी होते.

बाळंतिणीला दूध यावे म्हणून लहान शार्क खायला देण्याची समजूत देशाच्या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी आहे. तमिळनाडूतला ‘सुरा पुट्टू’ त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

शार्कच्या शरीरात युरिया असतो. मासा शिळा झाला की त्याचे विघटन होऊन अमोनियासारखा उग्र वास येतो. त्यामुळे मोरी ताजीच लागते, आणि ती साफ करणे हे सरावाचे काम आहे. थोडक्यात, मोरी हे किनाऱ्यावरच्या माणसाचे, बंदराजवळ राहणाऱ्याचे अन्न होते. पापलेट, सुरमई शहराकडे जात. मोरी गावात राहत असे. तीच आता मेन्यूकार्डावर ‘बेबी शार्क’ किंवा ‘मोरी मसाला’ म्हणून झळकते, हा बदल महत्त्वाचा आहे.

शार्कबद्दल एवढी चिंता का?

शार्क हा मासा असला तरी त्याचे जीवनचक्र बांगडा किंवा पापलेटसारखे नसते. बहुतेक हाडांचे मासे एका हंगामात हजारो, लाखो अंडी घालतात. त्यातली थोडी जगली तरी पुढची पिढी उभी राहते. शार्क सावकाश वाढतात, उशिरा वयात येतात आणि मोजकी पिल्ले देतात. हॅमरहेडच्या काही जातींतील मादीला वयात यायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. अशी मादी एकदाही प्रसवण्याआधी जाळ्यात आली, तर ते नुकसान पुढच्या हंगामात भरून निघत नाही.

२०२१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, खुल्या महासागरातील शार्क आणि पाकटवर्गीय माशांची संख्या १९७० पासून सुमारे ७१ टक्क्यांनी घटली. त्याच वर्षी झालेल्या जागतिक मूल्यमापनात शार्क, पाकट आणि त्यांच्या भाईबंद जातींपैकी एक तृतीयांशाहून अधिक जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले. या धोक्यामागचे सर्वांत मोठे कारण अतिमासेमारी हेच आहे.

शार्कचे पर कापून उरलेला मासा समुद्रात फेकून देण्याविरोधात जगभर कायदे झाले. तरीही शार्कमृत्यू घटले नाहीत. २०२४ मध्ये ‘सायन्स’मधील अभ्यासाने मांडले की २०१२ ते २०१९ या काळात मासेमारीत मरणाऱ्या शार्कची वार्षिक संख्या सुमारे ७.६ कोटींवरून ८ कोटींच्या वर गेली. पर कापण्यावर बंदी आल्याने पूर्ण मासा बंदरात येऊ लागला आणि मांसाची बाजारपेठ वाढली, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. म्हणजे पूर्वी प्रश्न चीनमधल्या सूपचा होता. आता तो किनाऱ्यावरच्या थाळीचाही झाला आहे.

मोरी खाणे बेकायदा आहे का?

सरसकट नाही. भारतात शार्क मासेमारीवर संपूर्ण बंदी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सुरुवातीला व्हेल शार्क आणि मग शार्क-पाकट वर्गातील सर्वच माशांचा समावेश करण्यात आला होता. मच्छीमारांचा विरोध झाला, व्यवहारातल्या अडचणी समोर आल्या, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ही यादी १० जातींवर आणण्यात आली. त्यात व्हेल शार्क, गंगा शार्क, पाँडिचेरी शार्क, करवत मासे, जायंट गिटारफिश यांचा समावेश होता. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, संरक्षित जातींची संख्या वाढली. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याची शिकार केल्यास तीन ते सात वर्षे कारावास होऊ शकतो.

याशिवाय दोन निर्णय महत्त्वाचे आहेत. ऑगस्ट २०१३ मध्ये केंद्राने शार्कचे पर शरीरापासून वेगळे करून बोटीवर ठेवण्यास मनाई केली. फेब्रुवारी २०१५ मध्ये सर्व जातींच्या शार्कच्या परांची निर्यात बंद झाली. देशांतर्गत मांसविक्री मात्र सुरूच राहिली. त्यामुळे स्पेडनोज मोरी विकणारा किंवा खाणारा कायदा मोडत नाही. पण ‘बेकायदा नाही’ याचा अर्थ ‘निर्धोक आहे’ असा होत नाही. कारण विकणाऱ्याला आणि खाणाऱ्याला जात माहीत असेलच, याची खात्री नसते.

पर्यटकांमुळे मागणी वाढते का?

भारत हा शार्क पकडणाऱ्या जगातील आघाडीच्या देशांपैकी एक आहे. पण आपल्याकडील बहुतांश शार्क मुद्दाम पकडले जात नाहीत. कोळंबी किंवा इतर मासळीसाठी टाकलेल्या ट्रॉल आणि गिलनेट जाळ्यांत ते अडकतात. मच्छीमार त्यांना विकतो, कारण मेलेला मासा फेकून देणे त्याला परवडत नाही. हे खरे असल्याने ‘जाळ्यात आलाच होता, आम्ही खाल्ला म्हणून काय बिघडले’ हा युक्तिवाद वरवर पटतो.

२०२४ मध्ये ‘बायोलॉजिकल कन्झर्वेशन’ या पत्रिकेत भारतीय संशोधकांचा याच विषयावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी १० किनारी राज्यांतील अडीच हजारांहून अधिक मासळीच्या उपाहारगृहांची पाहणी केली. सुमारे ११ टक्के ठिकाणी शार्कचे पदार्थ मिळत होते. मागणीत गोवा पहिला, तमिळनाडू त्याच्या जवळ, आणि महाराष्ट्र बऱ्याच अंतराने तिसरा होता. उपाहारगृहांतील ही मागणी केवळ पारंपरिक खाण्यातून आलेली नसून तिच्यामागे पर्यटक आणि बदलत्या आवडीनिवडी असाव्यात, असे निरीक्षण त्यात नोंदवले गेले. पसंती होती ती लहान, कोवळ्या शार्कना.

इथे अर्थशास्त्र साधे आहे. चुकून आलेल्या माशाला चांगला भाव मिळू लागला की तो ‘चुकून’ येणे थांबते. जिवंत सापडलेले पिल्लू परत पाण्यात सोडण्याऐवजी टोपलीत जाते. जिथे पिल्ले जास्त मिळतात, त्या उथळ पाण्यात जाळे टाकावेसे वाटते. अनेक जातींचे शार्क पिल्ले देण्यासाठी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच येतात. म्हणून ‘बेबी शार्क’ची मागणी मोठ्या शार्कच्या मागणीपेक्षा कमी घातक आहे, असे मानता येत नाही.

जिवंत शार्क जास्त कमाई करून देतो, हे गणित मालवणला लागू पडते का?

शार्क वाचवण्याच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद पैशाचा आहे. प्रशांत महासागरातील पलाऊ या चिमुकल्या देशाने २००९ मध्ये आपले संपूर्ण सागरी क्षेत्र शार्कसाठी अभयारण्य जाहीर केले. तिथल्या प्रवाळ खडकांवर दिसणारा एक शार्क त्याच्या आयुष्यभरात पर्यटनातून सुमारे १९ लाख डॉलर मिळवून देतो, असा अंदाज तेथील अभ्यासात मांडला गेला. मालदीवने २०१० मध्ये शार्क मासेमारी बंद केली. २०१३ मधील एका जागतिक अंदाजानुसार शार्क पाहण्याच्या पर्यटनातून वर्षाला सुमारे ३१.४ कोटी डॉलर उभे राहत होते आणि १० हजार लोकांना रोजगार मिळत होता.

मालवणला हे गणित जसेच्या तसे लावता येत नाही. पलाऊ, मालदीवमध्ये पर्यटक शार्क पाहण्यासाठीच पैसे मोजतो. मालवणच्या किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात शार्क दिसणे दुर्मीळ आहे. तिथे येणाऱ्यांतील बहुतेकांना पोहताही येत नाही. प्रशिक्षक त्यांना धरून काही मिनिटे पाण्याखाली नेतो, छोटे रंगीत मासे आणि प्रवाळ दाखवतो आणि वर आणतो. शार्क असला काय आणि नसला काय, त्या धंद्याच्या गल्ल्यात आज फरक पडत नाही.

म्हणूनच ‘शार्क वाचवा, पर्यटन वाढेल’ हे वाक्य मालवणच्या मच्छीमाराला पोकळ वाटले तर नवल नाही. शिवाय दोन्ही धंदे वेगळ्या माणसांच्या हातात नाहीत. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सागरी जैवविविधता प्रकल्पातून स्थानिक तरुणांना स्नॉर्कलिंग, स्कूबाचे प्रशिक्षण मिळाले. पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीत आहे. आज एकाच घरात वडील जाळे विणतात, मुलगा पर्यटकांना पाण्याखाली नेतो आणि आई पर्यटकांसाठी रांधते, असे चित्र सर्रास आढळते. मोरीचा प्रश्न त्या घराच्या तिन्ही कमाईंना स्पर्श करतो.

स्कूबा करणारे तरी निर्दोष आहेत का?

‘आम्ही समुद्र पाहतो, तुम्ही तो ओरबाडता’ असा सूर काही डायव्हर लावतात. हा सूर तपासून घ्यावा लागतो. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र अवघे २९.१२ चौरस किलोमीटर आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘मरीन पोल्युशन बुलेटिन’मध्ये याच अभयारण्यातील प्रवाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मनोरंजनासाठी होणाऱ्या डायव्हिंगमुळे प्रवाळांची मोडतोड होत असल्याचे आणि त्याची जबाबदारी कोणावरच निश्चित नसल्याचे त्यांनी दाखवून दिले.

प्रवाळ हे दगड नसून सजीव आहेत. बोटीचा नांगर, पायाचा धक्का, आधारासाठी टेकवलेला हात यांमुळे ते तुटतात आणि पुन्हा वाढायला वर्षे लागतात. फोटोत मासे यावेत म्हणून पाण्यात ब्रेड किंवा बिस्किटे टाकल्याने माशांच्या नैसर्गिक सवयी बिघडतात. जो पर्यटक प्रवाळावर उभा राहून सेल्फी घेतो आणि दुपारी मोरीला नाक मुरडतो, त्याच्या नैतिकतेत सोय जास्त आणि विचार कमी असतो.

याचा अर्थ डायव्हिंग वाईट असा नाही. पाण्याखाली एकदा गेलेल्या माणसाला समुद्र हा केवळ मासळीचा साठा वाटत नाही, ही त्याची ताकद आहे. पण ती ताकद फक्त ताटापुरती वापरायची आणि पाण्यात विसरायची, असे करून चालणार नाही.

मच्छीमारांचा आक्षेप काय?

मच्छीमारांचा मुख्य प्रश्न न्यायाचा आहे. रापण लावणाऱ्या पारंपरिक मच्छीमाराच्या जाळ्यात येणाऱ्या चार मोऱ्या आणि मोठ्या ट्रॉलरने खरवडून आणलेल्या मोऱ्या यांना एकाच तराजूत तोलायचे का, असे ते विचारतात. पर्ससीन जाळी, एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणारी मासेमारी आणि परराज्यांतील ट्रॉलर यांच्याविरोधात सिंधुदुर्गातील पारंपरिक मच्छीमार अनेक वर्षे आंदोलने करत आले आहेत. राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी अंमलबजावणीवरून संघर्ष सुरूच आहे. समुद्रातली मासळी कुणी संपवली, हे विचारायचे नाही आणि खानावळीच्या मोरीवर बोट ठेवायचे, हे त्यांना मान्य नाही.

दुसरा आक्षेप असा की बाहेरचे लोक येऊन स्थानिकांचे अन्न अनैतिक ठरवतात. या आक्षेपात तथ्य आहे. पिढ्यान्‌पिढ्या मोरी खाणारे कुटुंब आणि वर्षातून एकदा दोन दिवसांसाठी येऊन ‘काहीतरी वेगळे’ म्हणून ती मागवणारा पर्यटक यांची नैतिक स्थिती सारखी नाही. पहिल्यासाठी ते अन्न आहे, दुसऱ्यासाठी अनुभव. पहिल्याकडे पर्याय मोजके आहेत, दुसऱ्याकडे पूर्ण मेन्यूकार्ड. त्यामुळे शार्क न खाण्याचा आग्रह धरायचाच असेल, तर तो आधी पर्यटकाकडे धरणे न्याय्य ठरते.

सुरमई चालते, मग मोरी का नको?

हा प्रश्न खवय्ये नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. जीव घेणे चुकीचे, या भूमिकेवरून पाहिले तर सुरमई, कोळंबी आणि मोरी यांत फरक नाही. जे पूर्ण शाकाहारी आहेत, त्यांच्यासाठी हा वाद तिथेच संपतो.

पण मासे खाणाऱ्यांसाठी नीतीचा प्रश्न वेगळ्या जागी आहे. आपल्या खाण्यामुळे ती जातच संपणार आहे का, हा तो प्रश्न. बांगडा, तारली यांची पैदास जलद होते. त्यांचे साठेही अतिमासेमारीने खालावतात, पण सावरण्याची त्यांची क्षमता जास्त असते. शार्कच्या बहुतेक जातींकडे ती नसते. म्हणून एकाच वजनाचा मासा खाल्ला तरी त्याची समुद्राला मोजावी लागणारी किंमत वेगवेगळी असते.

हाच निकष प्रामाणिकपणे लावला, तर सगळ्या मोऱ्या एकाच पंक्तीत बसत नाहीत. स्पेडनोज लवकर वयात येते. ती शार्कमधली तुलनेने चिवट जात आहे. तरीही जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तिची नोंद ‘धोक्याच्या उंबरठ्यावर’ अशी आहे. याच यादीत काही हॅमरहेड जाती ‘अतिसंकटग्रस्त’ आहेत, म्हणजे नामशेष होण्यापासून फार थोड्या अंतरावर. पहिलीच्या मर्यादित मासेमारीचे समर्थन करता येईल, दुसरीच्या मासेमारीचे करता येणार नाही. आणि ताटात दोन्ही एकाच नावाने येतात. म्हणजे खाणाऱ्याची चूक बहुधा क्रौर्याची नसते, ती न विचारण्याची असते.

हे केवळ कोकणात घडत नाही. ब्रिटनमध्ये शार्कचे मांस ‘रॉक सॅल्मन’ म्हणून, ऑस्ट्रेलियात ‘फ्लेक’ म्हणून, तर ब्राझीलमध्ये ‘कासाव’ म्हणून विकले जाते. नाव बदलले की ओळख पुसली जाते आणि प्रश्नही. कोकणात मोरी हे नाव लपवण्यासाठी दिलेले नाही, ते जुने आणि अस्सल आहे. पण बाहेरून आलेल्या ग्राहकापुरता त्याचा परिणाम तोच होतो.

आरोग्याच्या दृष्टीने मोरी कशी?

शार्क हा शिकारी मासा. लहान माशांतील पारा त्याच्या शरीरात साचत जातो. मासा जितका मोठा आणि वयस्क, तितका हा साठा अधिक. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुलांनी टाळायच्या माशांत शार्कचा समावेश केला आहे. बाळंतिणीला शार्क देण्याच्या आपल्याकडील समजुतीच्या अगदी उलट हा सल्ला आहे.

यात एक पेच आहे. पाऱ्याचा विचार केला तर लहान मोरी मोठ्या शार्कपेक्षा बरी. पण ती लहान मोरी मोठ्या जातीचे पिल्लू असेल, तर समुद्राच्या दृष्टीने तीच अधिक महाग. आरोग्य आणि संवर्धन या दोन्ही कसोट्यांवर उतरेल अशी मोरी म्हणजे ओळख पटलेली, पूर्ण वाढ झालेली लहान जातीची मोरी. नेमकी तीच खात्री आज बाजारात मिळत नाही.

संपूर्ण बंदी हा उपाय आहे का?

२००१ चा अनुभव सांगतो की सरसकट बंदी कागदावर सोपी आणि समुद्रात अवघड असते. जाळ्यात मेलेला शार्क बंदीमुळे जिवंत होत नाही. तो फेकला जातो किंवा लपून विकला जातो आणि त्याची नोंद होणे थांबते. नोंदच नसेल तर कोणती जात किती घटली, हेही कळत नाही.

जे उपाय चालले, त्यांत मच्छीमार सोबत होता. गुजरातच्या किनाऱ्यावर एकेकाळी व्हेल शार्कची मोठी शिकार होत असे. २००१ मध्ये संरक्षण मिळाले, पण चित्र बदलले ते २००४ पासून सुरू झालेल्या लोकमोहिमेमुळे. कथाकार मोरारीबापूंनी या माशाला माहेरी बाळंतपणासाठी येणाऱ्या लेकीची उपमा दिली आणि त्याचे नाव ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे झाले. त्यानंतर तिथल्या मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिले. कापलेल्या जाळ्याची भरपाई सरकारने दिली. महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून संरक्षित सागरी जीव सोडण्यासाठी जाळे कापावे लागल्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे. नीतीचा भार एकट्या गरिबावर न टाकता समाजाने वाटून घेतला की ती टिकते, हा त्यातला धडा.

आकारावरील निर्बंधाची कल्पनाही राज्याला नवी नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान कायदेशीर आकार ठरवला. शार्कबाबत मात्र केवळ आकार पुरत नाही. एका जातीची प्रौढ मादी आणि दुसऱ्या जातीचे पिल्लू सारख्याच लांबीचे असते. इथे जात ओळखणे हीच पहिली पायरी आहे, आणि ती लिलावाच्या जागी, डोके धडावेगळे होण्याआधी व्हायला हवी.

मग सुट्टीवर गेलेल्या माणसाने काय करावे?

काही गोष्टी आजही शक्य आहेत. मेन्यूवर मोरी दिसली तर ती कोणती, कुठून आली, हे विचारता येते. उत्तर मिळाले नाही तर बांगडा, तारली, सौंदाळे, खेकडा, कालवे, तिसऱ्या असे किती तरी स्थानिक पर्याय असतात. त्यातून खानावळ चालवणाऱ्या घराचे उत्पन्न बुडत नाही. ‘बेबी शार्क’ असे अभिमानाने लिहिले असेल, तर तो पदार्थ टाळणे हा सर्वांत सोपा निर्णय. पाण्याखाली जाताना प्रवाळाला हात-पाय न लावणे, माशांना खाऊ न घालणे आणि नांगर प्रवाळावर टाकणारी बोट नाकारणे, हे त्याच निर्णयाचे दुसरे अर्धे अंग आहे.

निवती समुद्रात नौदलातून निवृत्त झालेल्या ‘गुलदार’ या युद्धनौकेभोवती पाण्याखालचे पर्यटन उभारण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे. सिंधुदुर्गात पाण्याखाली जाणाऱ्यांची संख्या त्यामुळे आणखी वाढेल. त्यांच्यासोबत खानावळींतील गर्दीही वाढेल. डायव्हिंगच्या आधी दहा मिनिटे सुरक्षेच्या सूचना दिल्या जातात. त्यातच समुद्रात काय पाहाल आणि ताटात काय टाळाल, हे दोन मिनिटांत सांगणे अवघड नाही. सांगणारा मच्छीमाराचाच मुलगा असेल, तर ते उपदेशासारखे वाटणारही नाही.

मोरी उद्या कोकणच्या घरात शिजायची असेल, तर आज ती खानावळीत कमी शिजायला हवी. पुढच्या पिढीतल्या मुलाला बिनकाट्याचा तो पहिला मासा मिळेल की नाही, हे बऱ्याच अंशी दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा काय मागवतो, यावर ठरणार आहे.